लाभाचा तिसरा हिस्सा

बाजारात जाणारा प्रत्येक मनुष्य दोन प्रश्न बरोबर घेऊन जात असतो. वस्तूचा भाव काय, हा पहिला. आणि ती तेवढ्या मोलाची आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे असते, आणि पुष्कळदा ते वस्तू घरी आणून वापरल्यानंतरच सुचते. स्वस्तात घेतलेली चप्पल दोन महिन्यांत उसवली म्हणजे गृहिणी म्हणते, की ही महागात पडली. भाव तोच, परंतु मोल कमी निघाले. मराठी भाषेने भाव आणि मोल हे दोन शब्द निराळे राखले आहेत, त्यामागे हा रोजचा अनुभव आहे.

वाजवी किंमत कोणती, ह्या प्रश्नास फार जुन्या काळापासून दोन उत्तरे देण्यात येतात. पहिले उत्तर असे, की वस्तू तयार करण्यास अथवा आणण्यास जो खर्च लागला त्यावर माफक नफा चढवावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यास देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० एवढा नफा घेण्याची मुभा आहे, ती ह्याच विचाराने. दुसरे उत्तर असे, की घेणारा आणि देणारा ह्यांचे जेथे जुळेल ती किंमत वाजवी. तिसऱ्याने त्यात पडू नये.

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, आणि दोन्हींत उणेपणाही आहे. खर्चावर नफा धरला, तर जो कारागीर आळसाने अधिक खर्च करील त्यास अधिक किंमत मिळावयाची. आणि ज्याच्या एका कल्पनेने गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतील, त्यास कागद व शाई ह्यांचा खर्च तेवढा मिळावयाचा. उलट, जुळेल तो भाव म्हणावे, तर दहा दुकाने हिंडण्यास ज्यास सवड आहे त्याचे ठीक जुळते. ज्यास सवड नाही, तो नाडला जातो.

म्हणून तिसरे एक उत्तर पुढे येते. वस्तूपासून गिऱ्हाइकास जेवढा लाभ होईल, त्याच्या मानाने किंमत असावी. लाभ अधिक तर किंमत अधिक, लाभ थोडा तर किंमत थोडी, लाभच नाही तर किंमतही नाही. ऐकताक्षणी पटावे असे हे तत्त्व आहे. ते व्यवहारात उतरले म्हणजे काय होते, हे पाहण्यास इतिहासात एक उत्तम उदाहरण आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील दोन भागीदारांनी वाफेचे यंत्र ह्याच तत्त्वाने विकले. त्यांच्या कराराची हकीकत हाच ह्या भाषणाचा विषय होय.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथील तांब्याच्या व कथिलाच्या खाणी फार पुरातन. अठराव्या शतकात त्या पुष्कळ खोल गेल्या होत्या, आणि जसजशा त्या खोल गेल्या तसतसे त्यांत पाणी साचू लागले. पाणी उपसल्याखेरीज धातू हाती लागावयाचा नाही. उपशासाठी थॉमस न्यूकमेन ह्याने १७१२ मध्ये प्रचारात आणलेले वाफेचे यंत्र वापरीत. त्या यंत्रात सिलिंडरमध्ये वाफ घेत, नंतर त्याच सिलिंडरमध्ये थंड पाण्याचा फवारा सोडून वाफेचे पाणी करीत. आत पोकळी झाली म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्यास खाली ढकली. ह्या रीतीने सिलिंडर दर फेऱ्यास तापवावयाचा आणि दर फेऱ्यास निववावयाचा. ह्या खटाटोपात बहुतेक उष्णता वाया जाई. ज्या यंत्राने खाण जगवावयाची, तेच कोळसा खाऊन तिला बुडवू पाहत होते. त्यातून कॉर्नवॉलमध्ये कोळसा मुळीच निघत नाही. तो वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे व महाग पडे.

जेम्स वॅट हा ग्लासगो विद्यापीठात शास्त्रीय उपकरणे तयार करण्याचे काम करीत असे. न्यूकमेनच्या यंत्राचा एक लहान नमुना दुरुस्तीसाठी त्याच्या हाती आला, आणि एवढी वाफ जाते कोठे ह्या प्रश्नाने त्यास पछाडले. १७६५ मध्ये त्यास युक्ती सुचली: वाफ थंड करावयाची ती सिलिंडरमध्ये नव्हे, तर त्यास जोडलेल्या निराळ्या पात्रात करावी. सिलिंडर सदा तापलेला राहील, पात्र सदा थंड राहील. १७६९ मध्ये त्याने ह्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील कारखानदार मॅथ्यू बोल्टन ह्याच्याशी त्याची भागी झाली, आणि १७७५ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ह्या पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून दिली. नवे यंत्र तेच काम जुन्या यंत्राच्या सुमारे तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शाएवढ्या कोळशात करी.

आता प्रश्न आला किमतीचा. भागीदारांनी यंत्राची विक्री अशी केलीच नाही. यंत्राला लागणारे लोखंड, लाकूड, विटा ह्यांचा व मजुरीचा खर्च खाणीच्या मालकांनी सोसावा. भागीदारांनी नकाशे, काही नाजूक भाग आणि देखरेख द्यावी. ह्याखेरीज युक्तीचा मोबदला म्हणून मालकांनी काय द्यावे? त्याच ताकदीचे जुने यंत्र जेवढा कोळसा जाळते त्याच्यापेक्षा नवे यंत्र जेवढा कमी जाळील, त्या बचतीच्या किमतीचा तिसरा हिस्सा. दोन हिस्से मालकाचे.

हिशेब सोपा होता. समजा, जुन्या यंत्रास वर्षाकाठी ९०० पौंडांचा कोळसा लागे व नव्यास ३०० पौंडांचा लागला, तर बचत ६०० पौंडांची. त्यातील २०० पौंड भागीदारांस द्यावयाचे, ४०० पौंड मालकाच्या पेटीत राहावयाचे. यंत्राने काही वाचविले नाही, तर मालकाने ह्या खात्यावर एक पैसाही देऊ नये.

ह्या करारात न्यायाच्या कितीतरी गोष्टी आहेत. पहिली, नव्या वस्तूचा भरवसा देणाऱ्याने आपल्या शिरावर घेतला. गिऱ्हाइकास, घेऊन तर पाहा, असे तो म्हणत नाही. वाचले तरच द्या, असे म्हणतो. दुसरी, यंत्र चांगले चालावे ह्यात दोघांचाही स्वार्थ गुंतला. यंत्र बिघडले तर भागीदारांचेही उत्पन्न बुडावयाचे. तिसरी, एकच यंत्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे उपयोगी पडते, ह्या गोष्टीची दखल किमतीने घेतली. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी न विकला जाणारा चुरा ढिगांनी पडलेला असे. तेथे कोळसा वाचविण्यास मोल ते काय? म्हणून कोळशाच्या पुष्कळ खाणींवर न्यूकमेनची यंत्रे नंतरही दीर्घ काळ चालत राहिली. कॉर्नवॉलमध्ये मात्र वाचलेला प्रत्येक पोताभर कोळसा म्हणजे रोख पैसा होता. तेथे यंत्राची किंमत आपोआप अधिक झाली, आणि ती अधिक का, हे कोणासही उमगण्यासारखे होते.

परंतु बचत मोजावयाची कशी? जे जळाले ते मोजता येते; जे जळले असते ते कसे मोजणार? त्यासाठी पोल्डाइस येथील खाणीवरच्या दोन जुन्या यंत्रांची परीक्षा करण्यात आली, आणि किती कोळशात ती किती पाणी उपसतात ह्याचे प्रमाण ठरविण्यात आले. मग नव्या यंत्राच्या तुळईस फेरे मोजणारे एक उपकरण बसविले. ते कुलूपबंद पेटीत असे. फेऱ्यांच्या आकड्यावरून किती काम झाले ते कळे, आणि त्यावरून जुन्या यंत्रास किती कोळसा लागला असता ते काढीत.

१७७७ मध्ये कॉर्नवॉलमध्ये ही यंत्रे चालू झाली, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक जुनी यंत्रे निघून गेली. मालकांनी ती स्वखुशीने घेतली. ज्या खाणी पाण्यामुळे सोडाव्या लागल्या असत्या, त्या पुढे चालू राहिल्या. इतके असूनही पुढील वीस वर्षांत ह्याच मालकांपैकी पुष्कळांनी हिस्सा देण्याचे नाकारले, आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयांपर्यंत गेले. असे का व्हावे? गिऱ्हाइके कृतघ्न होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कारणे त्याहून खोल होती, आणि किंमत लावणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात धरावी अशी होती.

पहिले कारण असे, की लाभ विसरला जातो, देणे विसरले जात नाही. पहिल्या वर्षी मालकाच्या डोळ्यांपुढे जुन्या यंत्राचा कोळसा होता. दहाव्या वर्षी जुने यंत्र मोडीत निघालेले, त्याची वही कपाटात गेलेली. बचत ही आता दिसणारी गोष्ट राहिली नाही. ती कागदावरची वजाबाकी झाली. भागीदारांस द्यावयाची रक्कम मात्र वेळच्या वेळी रोख मोजावी लागे. मोबदल्याला हळूहळू कराची कळा आली.

दुसरे कारण मोजमापाचे. पेटीचे कुलूप, फेऱ्यांचा आकडा, कोळशाचा भाव ह्यांवरून खटके उडू लागले. ह्या कटकटीला कंटाळून पुष्कळ ठिकाणी वर्षाची एक ठोक रक्कम ठरविण्यात आली. ह्याने वाद मिटला, परंतु त्याबरोबर कराराचा प्राणही गेला. लाभाशी बांधलेली किंमत लाभापासून सुटली, आणि उरला तो नुसता आकडा.

तिसरे कारण बाजाराचे. वेल्सच्या किनाऱ्याजवळील अँगलसी बेटावर तांब्याचा मोठा साठा सापडला होता. तो जमिनीच्या पृष्ठभागाजवळच असल्याने तेथील तांबे फार स्वस्तात निघे. त्या तांब्याने बाजार भरला, भाव घसरले, आणि कॉर्नवॉलच्या खोल खाणी तोट्यात येऊ लागल्या. यंत्र पूर्वीइतकाच कोळसा वाचवीत होते. त्याकडे काही दोष नव्हता. परंतु हिस्सा ठरला होता तो कोळशाच्या बचतीचा, खाणीच्या नफ्याचा नव्हे. म्हणून बुडत्या खाणीवरही देणे चढतच राहिले. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्यास, तुझे ह्या व्यवहारात कल्याण झाले आहे, असे सांगितले तर ते पटत नाही, मग हिशेब कितीही बिनचूक असो. भागीदारांस हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी काही खाणींत स्वतःचे पैसे घालून भाग घेतले, आणि काही ठिकाणी आपले देणे कमीही केले.

चौथे कारण सर्वांत मोठे. गिऱ्हाइकास दुसरीकडे जाण्याची वाट नव्हती. जोनाथन हॉर्नब्लोअर ह्याने दोन सिलिंडरांचे निराळे यंत्र १७८१ मध्ये पेटंट केले. एडवर्ड बुल ह्यानेही निराळ्या मांडणीची यंत्रे बांधली. परंतु निराळ्या पात्राची युक्ती ज्या यंत्रात असेल, ते कोणीही बांधलेले असो, वॅटच्या हक्कात येते, असे भागीदारांचे म्हणणे पडले. १७९३ मध्ये बुलवर फिर्याद झाली. १७९५ मध्ये पेटंटच्या कायदेशीरपणाविषयी न्यायाधीशांत दोन विरुद्ध दोन अशी फूट पडली. मग हॉर्नब्लोअर व त्याचा भागीदार मेबर्ली ह्यांच्यावरील फिर्याद चालली, आणि अखेर जानेवारी १७९९ मध्ये वॅटच्या बाजूने निकाल झाला. थकलेली रक्कम वसूल होऊ लागली. दुसऱ्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि कॉर्नवॉलने बोल्टन आणि वॅट ह्यांच्याशी असलेले देणेघेणे आटोपते घेतले.

तेव्हा ती किंमत अन्यायाची होती काय? सूत्र पाहिले तर त्यात खोट काढणे कठीण आहे. तीन भागांतील दोन भाग गिऱ्हाइकाकडे ठेवणारा विक्रेता लोभी म्हणता यावयाचा नाही. अन्याय शिरला तो सूत्राच्या भोवतालच्या परिस्थितीतून. लाभाच्या मानाने किंमत घेणे न्याय्य ठरण्यास काही अटी पाळाव्या लागतात. लाभाचे माप दोघांनाही पडताळून पाहता आले पाहिजे. परिस्थिती पालटली तर ते माप फिरून ठरविता आले पाहिजे. आणि गिऱ्हाइकास, नको, असे म्हणून दुसरीकडे जाण्याची मोकळीक असली पाहिजे. कॉर्नवॉलमध्ये आरंभी ह्या अटी पुष्कळशा पाळल्या गेल्या, आणि तेव्हा करार गोड होता. एकेक अट सुटत गेली तसतसा तोच करार कडू होत गेला.

ह्या गोष्टीचा पुरावा त्याच भागीदारांच्या दुसऱ्या एका व्यवहारात सापडतो. पुढे वॅटने चाक फिरविणारे यंत्र तयार केले, आणि ते गिरण्या व मद्याचे कारखाने ह्यांस विकावयाचे ठरले. ह्या लोकांकडे जुने वाफेचे यंत्र नव्हतेच. त्यांचे काम घोडे करीत. मग बचत कशाशी ताडून पाहावयाची? वॅटने घोड्याशीच ताडून पाहिली. एक घोडा एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याएवढे काम करतो, असे त्याने धरले, आणि यंत्र जितक्या घोड्यांचे काम करील तितक्यांवर आकारणी ठरविली: दर घोड्यामागे वर्षास ५ पौंड, लंडन शहरात ६ पौंड. आज घरोघरच्या पाण्याच्या पंपावर अश्वशक्तीचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा प्रचारात आला तो गिऱ्हाइकास किंमत समजावून सांगण्याच्या गरजेतून, हे थोड्यांना ठाऊक असते. ह्या मापाविषयी कॉर्नवॉलइतकी कुरबूर झाली नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. घोडा काय खातो व किती काम करतो हे गिरणीवाल्यास स्वतःस ठाऊक होते. त्यास कुलूपबंद पेटीवर विश्वास ठेवावयाचा नव्हता.

१८०० नंतर कॉर्नवॉलमध्ये काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. प्रथम काही वर्षे यंत्रांची हेळसांड झाली; देखरेख करणारे निघून गेले होते. मग १८११ मध्ये जोएल लीन नावाच्या खाणीवरील अधिकाऱ्याने एक मासिक पत्रक सुरू केले. कोणत्या खाणीवरील कोणते यंत्र किती कोळशात किती पाणी उपसते, ह्याचे आकडे त्यात दर महिन्यास छापून येत. जे माप पूर्वी पेटीत बंद होते, ते आता सर्वांच्या हाती आले. यंत्रज्ञांत चढाओढ लागली. वॅटच्या काळी एक बुशेल कोळशात सुमारे दोन कोटी पौंड पाणी एक फूट उचलले जाई. १८३५ मध्ये एका यंत्राने परीक्षेच्या वेळी साडेबारा कोटी पौंड उचलून दाखविले. ते पत्रक १९०४ पर्यंत चालू होते. उघड माप हे गिऱ्हाइकाचे रक्षण तर करतेच, परंतु कारागिराचा कसही वाढविते.

लाभाच्या हिश्शाने मोबदला देण्याची रीत महाराष्ट्रास नवी नव्हे. बलुतेदारीचा पाया तोच होता. सुतार वर्षभर कुणब्याचा नांगर दुरुस्त करी, लोहार फाळ शेवटून देई, आणि दर कामामागे दाम न मागता सुगीच्या वेळी खळ्यावर रास पडली म्हणजे आपले बलुते घेऊन जाई. पीक चांगले आले तर दोघांचेही पोट भरे. दुष्काळ पडला तर दोघेही उपाशी. वॅटच्या करारात जे उणे होते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वाईट दिवसांत किमतीने आपोआप खाली यावे, ते बलुत्यात होते.

परंतु बलुत्यात दुसरे उणे होते, आणि ते फार भयंकर होते. थोरले, मधले, धाकटे हे बलुतेदारांचे दर्जे आणि त्यांचे वाटे रूढीने ठरलेले होते. कामाच्या मोलाने ते बदलत नसत. कोणी कोणते काम करावे हे जन्माने ठरे, आणि नको म्हणण्याची सोय नसे. महार वतनदारास रात्री-अपरात्री बोलावणे येई. त्याचे बलुते द्यावयाचे की नाही, हे मात्र पुष्कळदा रयतेच्या मर्जीवर राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ह्या वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्याचे बिल आणले. मोबदला निश्चित व रोख व्हावा, आणि काम सोडण्याची मोकळीक असावी, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्या व्यवहारातून एका पक्षास बाहेर पडता येत नाही, त्यात वाटणीचे सूत्र कितीही सुंदर असो, न्याय नांदू शकत नाही. कॉर्नवॉलमध्ये घेणारा अडकला होता, गावगाड्यात देणारा अडकला होता, दोष एकच.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गिऱ्हाइकाचा लाभ आणि गिऱ्हाइकाची अडचण ह्या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असतात, परंतु त्या एक नव्हेत. तहानेने व्याकूळ झालेल्यास पाण्याच्या एका पेल्याचा लाभ प्राणाएवढा आहे. म्हणून त्याच्याकडून प्राणाएवढी किंमत घेणे वाजवी ठरते काय? अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण हरीची फजिती सांगते. गाढवाचा मोठेपणा सांगत नाही. वॅटच्या यंत्राने मालकाच्या घरात पूर्वी नसलेली शिल्लक निर्माण केली होती. तिच्यातून त्याने वाटा मागितला, हे योग्यच. परंतु ज्याने काही नवे निर्माण केले नाही, केवळ दुसऱ्याच्या निकडीच्या वेळी वाटेत उभा राहिला, त्याने निकडीच्या मानाने किंमत घ्यावी, हे किंमत आकारणे नव्हे. ही अडवणूक होय.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या जाळीदार नळीचे, म्हणजे स्टेन्टचे, उदाहरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याच्या छातीत कळ आली आहे, त्याच्या घरची माणसे चार दुकाने हिंडून भाव विचारू शकत नाहीत. नळी कोणती बसवावयाची हे ती ठरवीत नाहीत, आणि तिचा खर्च किती आला हेही त्यांस कळत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारच्या औषध-किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेन्टची कमाल किंमत ७,२६० रुपये व औषध लावलेल्या स्टेन्टची २९,६०० रुपये ठरवून दिली. तत्पूर्वी त्यांच्या किमती ह्याच्या कितीतरी पट आकारल्या जात. नळीने प्राण वाचतो, म्हणून तिचे मोल अपार आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु मोल अपार आहे, म्हणूनच किंमत अपार असून चालत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नवे औषध किंवा नवे यंत्र शोधणाऱ्यास त्याच्या कष्टांचे व धोक्याचे फळ मिळाले नाही, तर पुढचा शोध लागावयाचा नाही. बोल्टनने वर्षानुवर्षे पैसा ओतला नसता, तर वॅटची युक्ती कागदावरच राहिली असती. म्हणून किमतीस कात्री लावणे हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे. देणाऱ्याचा खर्च ही किमतीची खालची मर्यादा होय, घेणाऱ्याचा लाभ ही वरची. ह्या दोहोंमध्ये जे अंतर असते, तेच व्यापाराचे खरे उत्पन्न. ते एकट्याने गिळावे असे नाही, ते दोघांनी वाटून घ्यावयाचे असते.

हा विचार केवळ कारखानदारांपुरता नाही. आज शहरांतील गृहसंस्थांपुढे, गच्चीवर सौर पट्ट्या आम्ही बसवितो, विजेच्या बिलात जी बचत होईल तीतून आमचे पैसे द्या, असे प्रस्ताव येतात. हा वॅटचाच करार आहे. सही करण्यापूर्वी सुज्ञ गृहस्थाने तेच जुने प्रश्न विचारावे. बचत कोणत्या बिलाशी ताडून पाहावयाची? ते वर्ष नेहमीसारखे होते काय? उद्या घरोघर हवा थंड करणारी यंत्रे आली व विजेचा वापर वाढला, तर हिशेब कसा बदलेल? मीटर कोण वाचणार, आणि संस्थेस तो पाहता येईल काय? विजेचे दर बदलले तर हिस्सा बदलेल काय? करार किती वर्षांचा, आणि मध्येच तो सोडावयाचा झाल्यास अट काय? ज्या प्रस्तावात ह्या प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, तो थोडा महाग असला तरी स्वीकारावा. ज्यात नाहीत, तो फुकट दिसला तरी दूर ठेवावा.

आणि जे गृहस्थ स्वतः काही विकतात, मग ते शिकवणी असो, शिवणकाम असो, फराळाचे जिन्नस असोत, की वैद्याचा सल्ला असो, त्यांनीही हेच प्रश्न उलट बाजूने आपणांस विचारावे. किंमत कशावरून ठरली, हे गिऱ्हाइकास तोंडावर सांगता येईल काय? शेजारच्या गिऱ्हाइकास त्याच वस्तूस निराळी किंमत सांगितली असेल, तर दोघे एकत्र बसले असता त्या फरकाचे कारण देता येईल काय? गिऱ्हाईक परत आले ते संतोषाने आले, की दुसरीकडे जाता आले नाही म्हणून आले?

चोख मापाचा दुकानदार तराजू गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवतो. त्याने बोटाने पारडे दाबले नाही, हे त्यास शपथेवर सांगावे लागत नाही. गिऱ्हाइकास ते दिसत असते. किमतीचा तराजूही असाच दोघांच्या मध्ये, उजेडात, ठेवता येतो. जो तसा ठेवतो, त्यास लाभाचा तिसरा हिस्सा द्यावयास गिऱ्हाईक विसाव्या वर्षीही कुरकुरत नाही.